संगणकाच्या पटलावरील झाकलेली साधने : निवड, सोय आणि अधिकार

संगणकावर काम करणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीसमोर जे पटल असते, त्यावर दोन प्रकारच्या गोष्टी नांदत असतात. एक, जे काम आपण करीत आहोत ते : लेख, तक्ता, आकृती अथवा पत्र, आणि दुसरी, ते काम करण्याची साधने : मेनू, टूलबार, चिन्हांच्या ओळी, मापपट्ट्या, सूचनाफलक. ह्या दोहोंमध्ये जागेसाठी अखंड स्पर्धा चाललेली असते. साधने वाढली की कामाची जागा आक्रसते. साधने झाकली की कागद मोकळा होतो, पण हत्यार कोठे ठेवले हे आठवावे लागते. मेनू व टूलबार झाकून पटल आपल्या गरजेप्रमाणे मांडण्याची सोय आज बहुतेक सर्व प्रणालींत उपलब्ध आहे. वरवर पाहता ही केवळ आवडीनिवडीची बाब वाटते. परंतु तिच्या मुळाशी एक महत्त्वाचा प्रश्न आहे : काय झाकावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, आणि झाकलेले पुन्हा उघडण्याची वाट कोणास ठाऊक असते? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा असून, उदाहरणे शक्य तेथे ठाणे, कल्याण व डोंबिवली ह्या आपल्या परिसरातील घेतली आहेत.

१. साधनांची वाढ

प्रारंभीच्या संगणकांवर मेनू नव्हता. आज्ञा पाठ असे, ती टंकलिखित करावी लागे, आणि जो ती विसरला त्याचे काम थांबे. झेरॉक्स कंपनीचा ‘स्टार’ हा संगणक १९८१ मध्ये आणि अ‍ॅपल कंपनीचा ‘मॅकिंटॉश’ १९८४ मध्ये बाजारात आला, तेव्हापासून आज्ञा स्मरणात ठेवण्याऐवजी ती पटलावर पाहून निवडण्याची पद्धत रूढ होऊ लागली. मेनू ही कल्पना मुळात स्मरणशक्तीवरचा भार हलका करण्यासाठी निघाली, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. मेनू म्हणजे कार्यक्रमाची अनुक्रमणिका होय. ह्या कार्यक्रमास काय काय करता येते, त्याची ती नामावली असते. टूलबारचे स्वरूप याहून वेगळे आहे. वारंवार लागणाऱ्या पृष्ठांत वाचक खुणेचे कागद घालून ठेवतो, तशी ती सोय आहे. अनुक्रमणिका ग्रंथाची असते. खूण वाचकाची असते.

पुढे ह्या खुणा अनुक्रमणिकेपेक्षा मोठ्या झाल्या. मायक्रोसॉफ्टचा ‘वर्ड’ हा लेखनाचा कार्यक्रम विंडोज प्रणालीसाठी १९८९ मध्ये प्रथम निघाला, त्या वेळी त्यात सुमारे शंभर आज्ञा आणि दोन टूलबार होते. २००३ च्या आवृत्तीत आज्ञांची संख्या दीड हजारांच्या पुढे आणि टूलबारांची संख्या तिसाच्या वर गेली होती. हे सर्व एकाच वेळी मांडले तर लिहिण्यास जागाच उरू नये, अशी अवस्था झाली. तेव्हा काही साधने झाकणे हे आवडीचे न राहता अपरिहार्य झाले. प्रश्न उरला तो एवढाच की, झाकणारा कोण.

२. झाकण्याची तीन कारणे

साधने झाकण्याची कारणे तीन संभवतात : जागा, वेळ आणि अवधान.

जागेचा हिशेब सोपा आहे. समजा, एखाद्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपच्या पटलाची उंची ७६८ बिंदूंची आहे, आणि शीर्षकपट्टी, साधनांचा पट्टा, मापपट्टी, स्थितिपट्टी व तळाचा टास्कबार मिळून २५० बिंदू व्यापतात. मग लेखनासाठी ५१८ बिंदू उरतात. देवनागरीच्या एका ओळीस २८ बिंदू लागतात असे धरल्यास अठरा ओळी दिसतील. साधनांपैकी १५० बिंदूंचा भाग झाकला, तर तीच संख्या २३ ओळींच्या आसपास जाते. रोमन लिपीपेक्षा देवनागरीस उंची अधिक लागते, कारण वेलांटी, मात्रा व अनुस्वार शिरोरेषेच्या वर आणि उकार, ऋकार अक्षराच्या खाली येतात. त्यामुळे मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यास जागेची ही चणचण इंग्रजीत लिहिणाऱ्यापेक्षा अधिक जाणवते. पाच ओळी वाढल्या म्हणजे मागील विधान व पुढील विधान एकत्र दिसते, आणि दीर्घ वाक्यांच्या गद्यात तर्काचा धागा न सुटण्यास त्याचे साहाय्य होते.

वेळेचा हिशेब मात्र वाटतो तितका सरळ नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम एडमंड हिक यांनी १९५२ मध्ये, आणि रे हायमन यांनी १९५३ मध्ये, असे दाखविले की, पर्यायांची संख्या वाढते त्या प्रमाणात निवडीचा वेळ वाढत नाही. तो त्या संख्येच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात वाढतो. सूत्राप्रमाणे पाहू गेल्यास, पर्याय आठांवरून चौसष्ट झाले, म्हणजे आठपट झाले, तरी वेळ दुपटीच्याही किंचित आतच राहतो. अर्थात, पर्याय परिचित असून त्यांची स्थाने ठरलेली असली, तरच हा नियम लागू पडतो. नवख्या माणसास प्रत्येक नाव वाचत वाचत जावे लागते. त्याचा वेळ पर्यायांच्या संख्येबरोबर जवळजवळ सरळ प्रमाणात वाढत जातो. यावरून एक विलक्षण निष्कर्ष निघतो. साधने झाकल्याने वेळेचा लाभ सर्वांत अधिक होतो तो नवख्याचा. पण काय झाकावे हे त्यालाच ठाऊक नसते. ज्याला ते ठाऊक असते, त्या मुरलेल्या माणसाची गरज तोवर ओसरलेली असते. ह्या विसंगतीचा विचार पुढे करू.

पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियमही येथे उपयोगी पडतो. लक्ष्य जितके दूर व जितके लहान, तितका तेथे पोहोचण्यास वेळ अधिक, असा त्याचा आशय आहे. पटलाच्या कडेस असलेले लक्ष्य मात्र व्यवहारतः फार मोठे ठरते, कारण माऊसचा बाण कडेपलीकडे जात नाही. हात कितीही जोराने सरकला तरी बाण कडेशीच अडतो. मॅकिंटॉशचा मेनू पटलाच्या अगदी वरच्या कडेस ठेवलेला असतो, त्याचा लाभ हाच. तळाचा टास्कबार आपोआप झाकला जाईल अशी व्यवस्था केली असता तो पुन्हा बोलावण्यास नेम धरावा लागत नाही, त्याचेही कारण हेच. झाकलेली वस्तू कडेशी असली तर तिची वाट हाताला सापडते. मध्येच कोठे असली तर सापडत नाही.

तिसरे कारण अवधानाचे. दृष्टीस पडणारी प्रत्येक खूण काही ना काही सुचवीत असते. लेखकाने विचार मांडावयाचा असता अक्षरांचा रंग व आकार बदलण्याची तीस चिन्हे समोर असणे हे चित्ताच्या एकाग्रतेस पोषक नव्हे. पूर्ण पटल व्यापून केवळ मजकूर दाखविण्याची जी सोय अनेक कार्यक्रमांत असते, तिचे प्रयोजन हेच आहे.

३. झाकणारे तीन : स्वतः, यंत्र आणि संस्था

झाकण्याची क्रिया एकच दिसली, तरी कर्ता बदलला म्हणजे तिचा अर्थ बदलतो.

पहिला कर्ता म्हणजे काम करणारा स्वतः. त्याने जाणूनबुजून काही साधने दूर ठेवली तर तो त्याचा विवेक होय. सुताराने त्या दिवशी न लागणारी हत्यारे पेटीत ठेवावीत, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा कर्ता म्हणजे यंत्र. मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस २०००’ ह्या संचात मेनू आपोआप आखूड करण्याचा प्रयोग झाला. ज्या आज्ञा क्वचित वापरल्या जात, त्या मेनूतून दिसेनाशा होत, आणि तळाशी असलेल्या दुहेरी बाणावर टिचकी मारली असता पुन्हा प्रकट होत. हेतू चांगला होता. परंतु त्यामुळे आज्ञांची स्थाने अस्थिर झाली. काल चौथ्या क्रमांकावर असलेली आज्ञा आज सहाव्या क्रमांकावर सापडे. हाताला लागलेली सवय निरुपयोगी ठरे, आणि हिक यांचा नियम ज्या परिचयावर उभा आहे तो परिचयच नाहीसा होई. ‘ऑफिस २००७’ मध्ये मेनूंच्या जागी रिबन आली, तेव्हा ही पद्धत मागे पडली. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील लीआ फिंडलेटर व जोआना मॅकग्रेनर यांनी २००४ मध्ये स्थिर मेनू, आपोआप बदलणारा मेनू आणि वापरणाऱ्याने स्वतः बदललेला मेनू अशा तिहींची तुलना प्रसिद्ध केली. आपोआप बदलणाऱ्या मेनूपेक्षा स्थिर मेनूवर काम अधिक वेगाने झाले. स्वतः मांडलेला मेनू विशिष्ट परिस्थितीत स्थिर मेनूच्या तोडीस राहिला. आणि बहुसंख्यांची पसंती स्वतः मांडलेल्या मेनूस मिळाली. मांडणी बदलणारा हात आपला स्वतःचा असला, म्हणजे बदल स्मरणात राहतो, हे यावरून लक्षात येते.

तिसरा कर्ता म्हणजे संस्था. मुंबईच्या उपनगरी मार्गावरील स्थानकांत २००७ पासून तिकिटांची स्वयंचलित यंत्रे बसविण्यात आली. ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील प्रवाशांच्या ती नित्य परिचयाची आहेत. हे यंत्र म्हणजे वस्तुतः एक संगणकच. परंतु त्याचा डेस्कटॉप प्रवाशास कधीच दिसत नाही. स्थानक, तिकिटांची संख्या, भरणा, एवढेच पर्याय त्याच्यापुढे येतात. सकाळच्या गर्दीत मागे रांग उभी असताना ह्याहून अधिक काही दिसणे हा उपद्रवच ठरला असता. येथे संपूर्ण झाकणे हाच सद्गुण आहे, कारण काम एकच आहे आणि ते सर्वांचे सारखे आहे.

नगरपालिकांच्या कारभारात ह्याची मधली पायरी दिसते. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली, आणि ह्या शतकाच्या आरंभी संगणकीकृत नागरी सुविधा केंद्र उभारणाऱ्या राज्यातील पहिल्या काही नागरी संस्थांत तिची गणना होऊ लागली; पुढे राज्यातील इतर नागरी संस्थांपुढे तिचे उदाहरण ठेवले गेले. अशा प्रकारच्या व्यवस्थांचे सर्वसाधारण तत्त्व असे की, प्रत्येक कर्मचाऱ्यास त्याच्या अधिकारापुरताच मेनू दिसावा. मालमत्ता कर स्वीकारणाऱ्यास जन्मनोंदीत दुरुस्ती करण्याची आज्ञा दिसण्याचे कारण नाही. येथे झाकणे सोयीसाठी नसून उत्तरदायित्वासाठी आहे. तथापि एक भेद पाळणे अगत्याचे आहे. मेनू दिसत नाही म्हणून आज्ञा चालत नाही, असे नव्हे. अधिकाराची खरी तपासणी यंत्राच्या आत झाली पाहिजे. पटलावरून नाव पुसणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे, तो केवळ पडदा होय. पडद्यास कुलूप समजणे ही संगणकीय व्यवस्थेतील गंभीर चूक ठरते.

४. झाकणे आणि निष्क्रिय करणे

नवशिक्याच्या अडचणीकडे आता वळू. जॉन कॅरल व कॅरोलिन कॅरिदर्स यांनी १९८४ मध्ये लेखनाच्या एका कार्यक्रमावर असा प्रयोग केला की, नवशिक्यास ज्या आज्ञांमुळे हमखास गोंधळ होतो त्या अडवून ठेवल्या. लहान मुलाच्या सायकलीस आधाराची दोन चाके लावतात, तीच ही कल्पना. अशा रीतीने शिकणारे कामास लवकर लागले आणि चुका निस्तरण्यात त्यांचा वेळ कमी गेला. परंतु येथे एक बारकावा आहे, आणि तोच आपल्या दृष्टीने महत्त्वाचा. त्या आज्ञा मेनूतून काढून टाकलेल्या नव्हत्या. त्या दिसत होत्या. निवडल्या असता ‘ही सोय सध्या उपलब्ध नाही’ अशा आशयाची सूचना मिळत होती. विद्यार्थ्यास आपण काय करू शकत नाही हे कळत होते, आणि असे काही करता येते हेही कळत होते.

झाकणे व निष्क्रिय करणे ह्यांतील भेद तो हाच. निष्क्रिय आज्ञा फिकट अक्षरांत का होईना, आपले अस्तित्व सांगते. झाकलेली आज्ञा अज्ञानाशी एकरूप होते. जुन्या ग्रंथालयांत पुस्तके कपाटात बंद असत व वाचकाने तालिका पाहून ती मागावयाची असत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. इतक्या दीर्घ ग्रंथालय-परंपरेच्या ह्या परिसरात हे निराळे सांगावयास नको की, कपाट बंद असले तरी चालते, तालिका मात्र उघडी असावी लागते. मेनू ही संगणकाची तालिका आहे. टूलबार झाकणे म्हणजे कपाट बंद करणे. मेनू झाकणे म्हणजे तालिकाच नाहीशी करणे.

ह्याचे परिणाम संशोधकाच्या कामात प्रत्यक्ष दिसतात. शीर्षकांना ‘शैली’ लावण्याची सोय ज्याने कधी पाहिलीच नाही, तो प्रत्येक शीर्षक हाताने ठळक करतो; आणि दोनशे पृष्ठांच्या प्रबंधाची अनुक्रमणिका हाताने टंकलिखित करून, एक परिच्छेद वाढला की सर्व पृष्ठांक पुन्हा तपासतो. तळटीपांचे क्रमांक हाताने घालणाऱ्याची अवस्थाही हीच. ह्या माणसास कष्टाचा कंटाळा नाही. त्यास आपले कष्ट अनावश्यक आहेत हेच ठाऊक नाही. रिबन मिटवून लिहिणाऱ्यास लेखनाची जागा मिळते हे खरे. पण जी पट्टी त्याने एकदाही उघडून वाचली नाही, ती मिटविणे ही निवड म्हणता येत नाही.

५. परतीची वाट

झाकलेले पुन्हा उघडणे हे बहुतेक ठिकाणी सोपे आहे, मात्र ती किल्ली माहीत हवी. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये ‘कंट्रोल’ व ‘एफ १’ ह्या कळा एकत्र दाबल्या असता रिबन मिटते व पुन्हा उघडते. विंडोजवरील फायरफॉक्स ह्या ब्राउझरमध्ये मेनू २०११ च्या चौथ्या आवृत्तीपासून मुळातच झाकलेला असतो. ‘आल्ट’ दाबल्यास तो तात्पुरता दिसतो. लिनक्सवरील ‘केडीई’ ह्या परिवारातील अनेक कार्यक्रमांत ‘कंट्रोल’ व ‘एम’ दाबल्याने संपूर्ण मेनू अदृश्य होतो. आता गंमत अशी की, मेनू परत आणण्याची आज्ञा सामान्यतः मेनूतच असते. किल्ली आत ठेवून दार ओढून घ्यावे, तसा हा प्रकार. म्हणून ह्या कार्यक्रमांत मेनू झाकताना तो कोणत्या कळांनी परत येईल ही सूचना प्रथम दाखविली जाते. एवढी एक ओळ म्हणजे सौजन्याचा उत्तम नमुना होय. लिब्रेऑफिस ह्या मुक्त संचात ‘सेफ मोड’ची सोय असून सर्व मांडणी मूळ स्थितीत आणता येते.

ही बाब एकट्याच्या संगणकावर फारशी त्रासाची नाही. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, जेथे एकच यंत्र दिवसभरात अनेकांच्या हातांखालून जाते, तेथे मात्र एकाने केलेली मांडणी दुसऱ्याच्या वाट्यास येते. सकाळच्या विद्यार्थ्याने टूलबार झाकला, दुपारच्या विद्यार्थ्यास वाटते की यंत्र बिघडले. उपाय कठीण नाही. प्रत्येकास स्वतंत्र खाते दिले, म्हणजे प्रत्येकाची मांडणी त्याच्या खात्यापुरती राहते. ते शक्य नसेल तेथे यंत्र पुन्हा सुरू होताच मूळ मांडणी परत येईल अशी व्यवस्था करावी. पटलवाचकाच्या साहाय्याने काम करणाऱ्या अंध विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ह्यास विशेष महत्त्व आहे. मांडणी त्यांच्या दृष्टीसमोर नसते, ती स्मरणात असते. आणि मेनूतील शब्द व त्यांचा क्रम हाच त्यांचा नकाशा असतो.

६. मेनूतील शब्द आणि मराठी

मेनू झाकल्याने आणखी एक गोष्ट झाकली जाते : शब्द. मेनू शब्दांचा असतो, टूलबार बहुधा चित्रांचा. जतन करण्याच्या आज्ञेसाठी आजही फ्लॉपीचे चित्र दाखविले जाते. आजच्या विद्यार्थ्याने ती वस्तू क्वचितच पाहिलेली असते. चित्राचा उच्चार करता येत नाही, ते शब्दकोशात शोधता येत नाही, आणि दूरध्वनीवरून कोणास सांगता येत नाही. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स इत्यादी कार्यक्रम मराठी मेनूंसह उपलब्ध आहेत. त्यांतील काही प्रतिशब्द अवजड वाटतात, काही सहज रुळतात. परंतु शब्द वापरला तरच तो घासून गुळगुळीत होतो. मेनूच झाकला गेला तर ह्या परिभाषेची परीक्षा होण्याचा प्रसंगच येणार नाही. शिवाय मेनूतील अनेक आज्ञांच्या शेजारी त्यांची कळही छापलेली असते. म्हणजे मेनू हा असा शिक्षक आहे की, जो आपली गरज उरू नये अशी विद्या स्वतःच शिकवितो. त्यास निरोप द्यावयाचा तो विद्या घेतल्यानंतर.

७. विभागांचे कर्तव्य

आता पूर्वी उल्लेखिलेल्या विसंगतीकडे परत येऊ. नवख्यास झाकण्याची गरज असते पण ज्ञान नसते. जाणत्यास ज्ञान असते पण गरज नसते. ही दरी कशी बुजावी? वेंडी मॅके यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील ‘प्रोजेक्ट अथीना’च्या ५१ वापरकर्त्यांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. मांडणी बदलण्याच्या मार्गात वेळेचा अभाव हा मोठा अडथळा असल्याचे त्यात आढळले. त्याच ठिकाणच्या त्यांच्या अन्य अभ्यासात असेही दिसले की, लोक स्वतः मांडणी रचण्याऐवजी सहकाऱ्याने रचलेली मांडणी उचलतात, आणि अशी मांडणी पुष्कळदा फार विचार न होता हस्तांतरित होत राहते. पटलाची मांडणी ही व्यक्तिगत बाब वाटली तरी प्रत्यक्षात ती सामाजिक असते.

पदव्युत्तर विभागांनी हे ओळखून प्रबंधलेखनासाठी एक मांडणी विचारपूर्वक तयार करावी : शैली, तळटीपा, संदर्भ, अनुक्रमणिका व देवनागरी कळफलक ही साधने समोर, शोभेची साधने दूर, मेनू मात्र उघडा. ऑफिसच्या २०१० पासूनच्या आवृत्त्यांत अशी मांडणी एका फाइलमध्ये साठवून इतरांस देता येते. तिच्यासोबत एका पानावर, काय दूर ठेवले आहे आणि ते कोणत्या कळांनी परत आणावे, हे मराठीत छापून द्यावे. पहिल्या सत्रात विद्यार्थ्याने विभागाची मांडणी वापरावी, दुसऱ्यात ती स्वतः बदलावी, आणि बदल का केला हे त्यास सांगता यावे. असे झाले म्हणजे प्रारंभी दुसऱ्याने केलेली निवड क्रमाने त्याची स्वतःची होते.

सारांश, साधने झाकणे हे स्वभावतः इष्टही नाही व अनिष्टही नाही. तिकिटाच्या यंत्रासमोर उभ्या असलेल्या प्रवाशास जे हितकर, तेच संशोधकास घातक ठरू शकते. कारण प्रवाशाचे गंतव्य ठरलेले असते, संशोधकाचे नसते. म्हणून त्याच्या पटलावर कमी साधने असली तरी चालेल. पण जी दिसत नाहीत त्यांची नावे व वाटा त्यास ठाऊक असल्या पाहिजेत.